पाचट न जाळता खोडवा: एका एकरातला कर्ब आणि अन्नद्रव्यं शेतातच कशी फिरवायची

उसाची तोड झाली की एकरभर शेतात साधारण तीन ते चार टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पडून राहतं. काडी लावली की तासाभरात शेत मोकळं होतं. पण त्या तासाभरात पाचटातला जवळजवळ सगळा कर्ब (कार्बन) आणि नत्राचा (नायट्रोजनचा) बहुतांश भाग हवेत जातो, गंधकही बरंचसं उडतं. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) राखेत उरतात, पण ती राख वाऱ्याने बांधापलीकडे जाते किंवा पहिल्याच जोराच्या पाण्याबरोबर वाहते. वर्षभर पिकाने जे गोळा केलं, त्यातला शेतकऱ्याच्या हातात राहू शकणारा सगळ्यात मोठा हिस्सा असा जातो. पाचट शेतातच कुजवून खोडवा, म्हणजे तोडीनंतर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, घ्यायचा तर नेमकं काय, किती आणि कोणत्या क्रमाने करायचं, आणि प्रत्येक पायरीला मातीत काय घडतं, ते इथे एका एकराच्या हिशेबाने दिलं आहे.

कोणतं द्रव्य कुठून येतं आणि कुठे जातं

हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो. उसाचं पान तो ओढून सूर्यप्रकाशाच्या जोरावर साखर बनवतं, आणि त्याच साखरेपासून पान, कांडी, मूळ असं सगळं घडतं. वाळलेल्या पाचटाचा सुमारे ४० टक्के भाग निव्वळ कर्ब असतो. म्हणजे साडेतीन टन पाचटात १,४०० किलो कर्ब झाला. यातला एक किलोही आपण विकत आणलेला नसतो.

नत्राची गोष्ट निराळी आहे. हवेचा ७८ टक्के भाग नत्रवायूच असला तरी उसाला तो थेट घेता येत नाही. काही जिवाणू तो स्थिर करतात: द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम, मातीतले अ‍ॅझोटोबॅक्टर, खुद्द उसाच्या पेशींमधल्या मोकळ्या जागेत राहणारे अ‍ॅसिटोबॅक्टर गटातले जिवाणू. युरियातला नत्रही मुळात हवेतलाच असतो, कारखान्यात नैसर्गिक वायू खर्चून तो बांधलेला असतो. म्हणूनच पाचटातून उडालेला नत्र परत आणायला पैसा आणि इंधन दोन्ही लागतं.

स्फुरद खडकातून येतो आणि त्याला वायुरूप नाही. तो हवेत उडत नाही आणि मातीत फारसा हलतही नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो कॅल्शियमबरोबर अडकतो आणि मुळांच्या हाती लागत नाही. पालाश याच्या अगदी उलट. तो पानाच्या पेशीरसात मोकळा असतो, कशातही बांधलेला नसतो. त्यामुळे पाचट कुजायची वाटही पाहावी लागत नाही, ते दोन-चार वेळा चांगलं भिजलं की बराचसा पालाश धुऊन मातीत उतरतो. गंधक नत्राच्या जोडीने फिरतो, त्याचा बराचसा साठा सेंद्रिय पदार्थातच असतो.

सरासरी आकडे धरले तर पाचटात ०.४५ टक्के नत्र, ०.१८ टक्के स्फुरद आणि ०.९ टक्के पालाश असतो. साडेतीन टनांत म्हणजे अंदाजे १६ किलो नत्र, ६ किलो स्फुरद आणि ३१ किलो पालाश. पालाशाचाच हिशेब केला तर हा म्युरेट ऑफ पोटॅश या पालाश खताच्या ५० किलोच्या एका पोत्याइतका होतो.

आता मुख्य अडचण. पाचटात ८८ किलो कर्बामागे एकच किलो नत्र असतो. जिवाणूच्या शरीरात हे प्रमाण ८ ला १ च्या आसपास असतं. तो जेवढा कर्ब खातो त्यातला साधारण तिसरा हिस्सा अंगाला लावतो, उरलेला श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडून देतो. म्हणजे २४ किलो कर्ब खाताना त्याला १ किलो नत्र हवाच. ८८ ला १ वर त्याचं भागत नाही. मग तो कमी पडलेला नत्र मातीतून उचलतो, आणि त्याच वेळी खोडव्याचे कोवळे फुटवेही त्याच नत्रावर टपलेले असतात. पाचट ठेवल्याने खोडवा पिवळा पडला अशी तक्रार ऐकू येते, ती बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गणितावर उभ्या आहेत.

तोडणीच्या दिवशीच काम सुरू होतं

टोळीच्या मुकादमाशी आधीच बोलून ठेवावं. ऊस जमिनीलगत तोडायचा, पाचट एका जागी ढिगाने टाकायचं नाही आणि काडी लावायची नाही. जळीत उसाच्या दरात बरेच कारखाने कपात करतात, हेही सांगून ठेवलेलं बरं. हिरवे वाढे (उसाचे शेंडे) टोळीची बैलं किंवा गावातली जनावरं खातात, त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही. मात्र वाढ्यांत पाचटापेक्षा नत्र आणि पालाश जास्त असतो, हे ध्यानात ठेवावं. वाढे आपल्याच गोठ्यात गेले आणि शेण-मूत शेतात परत आलं तर चक्र पूर्ण होतं. बाहेर गेले तर तेवढं शेतातून वजा धरायचं.

पाचट किती पडलंय ते मोजा

नुसत्या नजरेने अंदाज चुकतो, कारण पाचट फुगलेलं दिसतं. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी काठ्यांची किंवा दोरीची चौकट करावी. शेतात पाच-सहा ठिकाणी, बांधापासून आत, ती टाकून आतलं सगळं पाचट गोळा करावं आणि दोन दिवस उन्हात वाळवून वजन करावं. सरासरी जितके किलो भरेल त्याला चारने गुणलं की एकरी टन मिळतात. ८०० ते ९०० ग्रॅम भरलं तर सव्वातीन ते साडेतीन टन पाचट आहे असं समजावं. फुले २६५ सारखा भरपूर पाल्याचा ऊस असेल किंवा उत्पादन चांगलं असेल तर यापेक्षा जास्तही भरतं. पाचट कुजवायच्या खताची पुढे दिलेली मात्रा त्यानुसार वाढवावी.

पसरणं आणि बुडखे

सरी चार फूट किंवा त्याहून रुंद असेल तर सगळं पाचट प्रत्येक सरीत एकसारखं पसरावं. अडीच-तीन फुटी सरी असेल तर एका सरीत पाचट आणि शेजारची सरी पाण्यासाठी मोकळी, असं सरीआड सरी ठेवावं. दोन्ही पद्धतींत बुडखे पूर्ण उघडे राहिले पाहिजेत. बुडख्यावर पाचट राहिलं की फुटवा अंधारात लांबट आणि पांढरट येतो, काही डोळे तर फुटतच नाहीत.

पाचट बाजूला झाल्याबरोबर बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. वर राहिलेल्या कांड्यांवरचे डोळे आधी फुटतात, त्यांना स्वतःची मुळं जमिनीत सोडता येत नाहीत आणि ते पुढे कोलमडतात. जमिनीखालचा डोळा फुटला की त्याला नवीन मुळं येतात. छाटलेल्या भागावर १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून लगेच फवारावं. हे काम तोडीनंतर पहिल्या आठवड्यात उरकावं.

पाचट मातीला टेकलेलं असणं फार महत्त्वाचं आहे. अधांतरी राहिलेलं पाचट दिवसा कोरडं होतं, आणि कोरड्या पाचटावर बुरशी आणि जिवाणू काम करत नाहीत. सरीत पाचट टाकल्यावर ते पायाने दाबत जावं. ट्रॅक्टरवरचं पाचट कुट्टी यंत्र मिळत असेल तर जरूर वापरावं. तुकडे लहान झाले की जिवाणूंना काम करायला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि पाणीही सरीत अडत नाही.

युरिया, सुपर, जिवाणू: किती आणि कोणत्या क्रमाने

कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ८ ते १० टन पाचटासाठी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन अशी आहे. एकराला ते ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर आणि ४ किलो संवर्धन होतं. हे पिकाच्या खताव्यतिरिक्त आहे, त्यातून वजा करायचं नाही.

आधी युरिया आणि सुपर पाचटावर सारखं फेकावं. दोन्ही एकत्र करायचं असेल तर फेकायच्या वेळीच करावं. रात्रभर मिसळून ठेवलं तर त्याला पाणी सुटतं आणि लगदा होतो. त्यानंतर जिवाणू संवर्धन १०० किलो ओलसर, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून वर पसरावं. रासायनिक खत आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवू नयेत, खताच्या दाण्याभोवतीच्या तीव्र क्षारांत जिवाणू मरतात.

यानंतर त्याच दिवशी पाणी द्यायचं. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा चुकते. पाचटावर आणि मातीच्या वरच्या थरात युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं. ते युरिया फोडून अमोनियम तयार करतं आणि त्या जागचा सामू (पीएच) वर चढतो. आपल्या काळ्या जमिनींचा सामू बऱ्याच ठिकाणी आधीच ८ च्या पुढे असतो, त्यामुळे अमोनियमचा अमोनिया होऊन तो हवेत निघून जातो. उन्हात दोन-तीन दिवस पाण्यावाचून पडलेल्या युरियातून मोठा हिस्सा असा जातो. पाणी दिलं की युरिया पाचटातून उतरून मातीत मुरतो आणि चिकणमाती अमोनियम धरून ठेवते. पाळीचं पाणी यायला चार दिवस असतील तर युरिया चार दिवसांनीच टाकावा.

३२ किलो युरियात १५ किलोच्या आसपास नत्र असतो. वरच्या गणिताने सगळं पाचट एकदम कुजवायला यापेक्षा कितीतरी जास्त नत्र लागेल, असं कुणाच्याही लक्षात येईल. पण पाचट एकदम कुजत नाही. जिवाणूंची एक पिढी मरते, तिचाच नत्र पुढची पिढी वापरते. सुरुवातीचा जोर मिळाला की पुढचं काम त्याच नत्रावर फिरत राहतं.

सुपर फॉस्फेटचं कामही नुसतं कुजवण्यापुरतं नाही. ४० किलो सुपरमधून साडेसहा किलोच्या आसपास स्फुरद आणि चार-साडेचार किलो गंधक मिळतो. मातीत टिकणाऱ्या ह्यूमसमध्ये, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थात, ११-१२ भाग कर्बामागे एक भाग नत्र असतो आणि त्याबरोबर थोडा स्फुरद व गंधकही बांधलेला असतो. ही द्रव्यं नसली तर पाचटातला कर्ब श्वासावाटे निघून जातो, टिकाऊ स्वरूपात राहत नाही. सेंद्रिय कर्ब वाढवायचा म्हणून नुसता पाला टाकत राहणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे.

पिकाचं खत पाचटाखाली, पहारीने

खोडव्याचं खत पाचटावर फेकलं तर ते आधी जिवाणूंच्या हाती लागतं किंवा हवेत उडतं. म्हणून ते पहारीने मातीत द्यायचं. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक घ्यायचं, पुढचं भोक ३० सेंटिमीटरवर. खत टाकून भोक मातीने बुजवायचं. पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसांच्या आत वरंब्याच्या एका बाजूला, दुसरा १३० ते १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला.

माती परीक्षणात फार फरक नसेल आणि हेक्टरी २५०:११५:११५ किलो नत्र, स्फुरद, पालाश ही खोडव्याची शिफारस धरली, तर एकरी एका हप्त्याला सुमारे ११० किलो युरिया, १४५ किलो सुपर आणि ३८ किलो म्युरेट ऑफ पोटॅश होतं, एकूण २९० किलोच्या आसपास. चार फुटी सरीत एकरात ३,३७० मीटर ओळ बसते, म्हणजे सव्वाअकरा हजार भोकं आणि प्रत्येकात सुमारे २६ ग्रॅम खत. मजुरांच्या मुठी सारख्या नसतात. एखादं लहान झाकण किंवा डबी घेऊन त्यात २६ ग्रॅम मिश्रण कुठवर येतं ते काट्यावर बघून खूण करावी आणि सगळ्यांना तेच माप द्यावं. एका ओळीचं खत वेगळं मोजून दिलं तर खत मध्येच संपणं किंवा शेवटी उरणं हेही टळतं.

पाचटातून मिळणाऱ्या पालाशाचा विचार करून तीन-चार वर्षांनंतर पालाशाची मात्रा माती परीक्षणाच्या आधारे कमी करता येते. नत्राची मात्रा पहिल्या वर्षी अजिबात कमी करू नये. पाचटातला नत्र त्या वर्षी जिवाणूंच्या आणि ह्यूमसच्या रूपात अडकलेला असतो, तो पुढच्या हंगामांत हळूहळू सुटतो.

पाणी: नत्राच्या दोन चोरवाटा

अमोनियम मातीत फार काळ तसाच राहत नाही. नायट्रोसोमोनास जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट. ऊस नायट्रेट आनंदाने घेतो, पण नायट्रेटवर ऋण भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही ऋण भारच असतो. त्यामुळे माती त्याला धरत नाही. भरपूर पाटपाणी दिलं की तो पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतो आणि पुढे विहिरीच्या पाण्यात दिसतो.

दुसरी वाट हवेची. सरीत दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो. मग काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्रवायू किंवा नायट्रस ऑक्साइड हवेत सोडतात. नायट्रस ऑक्साइडची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे. म्हणजे शेतकऱ्याचं खतही गेलं आणि हवाही तापली. पाचट ठेवून वर पाणी तुंबवलं तर हा प्रकार वाढतो, कारण जिवाणूंना खायला कर्ब हाताशी असतो. भारी जमिनीत चर काढून निचरा सुधारल्याशिवाय सगळ्या सरींत पाचट भरू नये.

पाचटाच्या आच्छादनामुळे बाष्पीभवन घटतं, म्हणून दोन पाण्यांतलं अंतर वाढवता येतं. सवयीने पूर्वीच्याच पाळीने पाणी दिलं तर हा फायदा उलटतो. पाचट बाजूला करून १५ सेंटिमीटर खोलीची माती मुठीत दाबावी. गोळा होऊन चमकत असेल तर पाणी पुढे ढकलावं. मात्र पाचट पूर्ण कोरडं पडू देऊ नये, कुजण्यासाठी त्याला स्पर्शाला ओलसर लागेल इतका ओलावा हवा. ठिबक असेल तर नळी पाचटाखाली ठेवावी आणि पहिल्या महिन्यात दोन-तीन वेळा वरून पाणी देऊन पाचट भिजवावं. नुसत्या ठिबकवर वरचं पाचट उन्हाळाभर कोरडंच राहतं आणि लोक जिवाणू संवर्धनाला दोष देतात.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या तोडीत थंडीमुळे कुजणं सुरुवातीला मंद असतं, फेब्रुवारीनंतर वेग येतो. एकंदर साडेतीन-चार महिन्यांत पाचट काळपट, ठिसूळ आणि हाताने चुरा होईल असं झालं पाहिजे.

काय बिघडतं आणि ते कसं ओळखायचं

खोडवा पिवळा दिसला की लगेच युरिया फेकू नये, आधी कोणतं पान पिवळं आहे ते पाहावं. खालची, जुनी पानं टोकाकडून पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. ऊस नत्र जुन्या पानातून काढून नव्याला देतो, म्हणून ती खाली दिसते. अशा वेळी पहारीचा पहिला हप्ता राहिला असेल तर तो ताबडतोब द्यावा. वरची, नवी पानं शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा अशी दिसत असतील तर तो केवडा आहे, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः पाणी साचलेल्या तुकड्यात, हा खोडव्यावर हमखास येतो. त्यावर युरियाने काही होत नाही. ०.५ टक्के फेरस सल्फेटची फवारणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा करावी, आणि पुढच्या वर्षासाठी फेरस सल्फेट शेणखतात आठवडाभर मुरवून जमिनीतून द्यावं.

पाचट जागोजाग पांढऱ्या बुरशीने जाळ्यासारखं बांधलं गेलं तर घाबरू नये. तीच बुरशी पाचटातला कठीण लिग्निन फोडते, जे काम बहुतेक जिवाणूंना जमत नाही. पण पाचटाला सडका, गंधकाचा वास येत असेल तर तिथे हवा नाही. पाणी थांबवावं, पाचट काठीने उकलून मोकळं करावं.

पाचटात उंदीर घर करतात आणि कोवळे फुटवे कुरतडतात. बांधाची बिळं तोडीनंतर लगेच शोधून बंद करावीत. पाचटात साप-विंचूही असतात, पहारीचं काम उघड्या पायाने करू नये. आगीचं भय सगळ्यात मोठं. शेजारच्या फडात कुणी पाचट पेटवलं की आपलंही जातं. बांधालगत आणि विजेच्या तारांखाली तीन-तीन मीटर पट्टा पाचटमुक्त ठेवावा आणि पहिलं पाणी लवकर द्यावं.

कर्ब खरोखर किती वाढतो

एका हंगामात सेंद्रिय कर्ब दुप्पट झाल्याचे दावे केले जातात. साधा हिशेब करून पाहावा. एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे ८०० टन भरतं. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के असेल तर त्या मातीत ४,००० किलो कर्ब आहे. पाचटातून १,४०० किलो कर्ब आला, त्यातला वर्षाअखेर साधारण सातवा हिस्सा म्हणजे २०० किलो मातीत टिकला असं धरू. जुन्या ह्यूमसपैकीही दरसाल दोन टक्क्यांच्या आसपास कुजतो, म्हणजे ८० किलो गेला. निव्वळ वाढ १२० किलो, म्हणजे ०.०१५ टक्के. बुडखे आणि मुळांची भर धरली तरी ०.१ टक्का वाढायला पाच-सहा वर्षं लागतात. ही गती संथ वाटेल, पण पाचट जाळत राहिलं तर गणित उलट दिशेने चालतं.

म्हणून माती परीक्षण दर वर्षी करून निराश होण्यापेक्षा तीन वर्षांनी एकदा, पण नीट करावं. नमुना नेहमी त्याच महिन्यात, तोडीनंतर आणि खत देण्याआधी घ्यावा. वरचं पाचट हाताने बाजूला करून ‘व्ही’ आकाराचा १५ सेंटिमीटर खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची सारख्या जाडीची माती काढावी. अशा १० ते १२ ठिकाणची माती एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावं. बांध, झाड, शेणखताचा उकिरडा, पाण्याचा पाट यांच्याजवळची माती घेऊ नये. सावलीत वाळवताना पाचटाचे दिसणारे तुकडे वेचून काढावेत, ते राहिले तर आकडा खोटा वाढतो.

अहवालात ०.४० टक्क्यांपर्यंत सेंद्रिय कर्ब कमी धरतात, ०.४१ ते ०.६० मध्यम. या आकड्याला १.७२ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थाचं प्रमाण मिळतं. चुनखडीतला कर्ब यात धरलेला नसतो, त्यामुळे चुनखडी भरपूर म्हणजे कर्ब भरपूर असं होत नाही. क्षारपड जमिनीत मात्र क्लोराइडमुळे नेहमीच्या डायक्रोमेट पद्धतीचा आकडा फुगतो. अशा जमिनीचा नमुना देताना प्रयोगशाळेला तसं सांगावं.

कुजण्याचा वेग पाहायचा असेल तर एक सोपी चाचणी आहे. नायलॉनच्या मच्छरदाणीच्या कापडाच्या वीतभर पिशव्या शिवून प्रत्येकीत ५० ग्रॅम वाळलेलं पाचट भरावं. अशा सहा पिशव्या सरीतल्या पाचटाखाली, मातीला टेकवून ठेवाव्यात आणि दर महिन्याला एक काढावी. माती झटकून, वाळवून वजन करावं. चार महिन्यांनी ५० पैकी ३५ ग्रॅमपेक्षा जास्त उरलं असेल तर ओलावा किंवा नत्र कमी पडतोय.

कारखान्याकडे गेलेलं परत कसं आणायचं

साखरेत फक्त कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. अल्कोहोलचंही तसंच. म्हणजे पोत्यात भरून विकली जाणारी साखर जमिनीतलं एकही अन्नद्रव्य घेऊन जात नाही, ती हवा आणि पाणी यांच्यापासूनच बनलेली असते. उसाबरोबर गेलेला स्फुरद मुख्यतः प्रेसमडमध्ये (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात) उतरतो, पालाश मळीत (मोलॅसिसमध्ये) आणि पुढे डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशमध्ये (उरलेल्या सांडपाण्यात), काही भाग बगॅसच्या (चिपाडाच्या) राखेत. म्हणून कारखान्याकडून प्रेसमडचं कुजलेलं खत मिळत असेल तर ते घेणं हा उसाने नेलेल्या द्रव्यांचा परतावा आहे. लागणीआधी एकरी दोन-अडीच टन कुजलेलं खत पुरे. ताजं, गरम, मेणचट वासाचं प्रेसमड थेट सरीत टाकू नये, ते कुजताना उष्णता सोडतं आणि मुळं भाजतात.

खोडवा मोडताना

शेवटचा खोडवा निघाल्यावर धसकटं वेचून बांधावर जाळण्याची पद्धत आहे. धसकटं रोटाव्हेटरने फोडून जागेवरच ठेवावीत. ज्या फडात कीड-रोगाने बेटं मेली असतील तेवढीच काढून बाहेर न्यावीत. नांगरट एकदाच करावी. प्रत्येक नांगरटीत मातीच्या ढेकळांत सुरक्षित असलेला जुना कर्ब उघडा पडतो आणि जिवाणू तो भराभर संपवतात.

मग पावसाळ्याच्या तोंडाला एकरी २० ते २५ किलो ताग पेरून ४५ ते ५० दिवसांनी, फुलं लागताच गाडावा. कोवळ्या तागात कर्ब:नत्र गुणोत्तर २० च्या आसपास असतं, म्हणून तो पाचटासारखा नत्र ओढत नाही, उलट दोन-तीन आठवड्यांत सोडायला लागतो. गाडायला उशीर झाला तर खोड काष्ठमय होतं आणि हा फायदा जातो. ताग गाडल्यावर जमिनीत ओल हवी. पाऊस नसेल तर एक पाणी द्यावं आणि पुढची लागण तीन आठवड्यांनी करावी.